कपाटाबाहेरची बाहुली

२०२१ च्या डिसेंबर महिन्यातील एका दुपारी, बाहेर अंगणात बर्फाचा थर साचलेला असताना, आमच्या जेवणाच्या टेबलावर टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक बाहुली ठेवलेली होती आणि तिच्या दोन बाजूंना दोन निवृत्त परिचारिका उभ्या होत्या. एक माझी आई, सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात एका उपकेंद्रावर तीस वर्षे ए.एन.एम. (सहायक परिचारिका-प्रसविका) म्हणून राबलेली, आणि दुसऱ्या आमच्या शेजारच्या आजी, येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जवळपास तितकीच वर्षे काढलेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी मध्ये बसून दुभाष्याचे काम करीत होते, पण पाचेक मिनिटांतच माझी गरज उरली नाही, कारण बाळ जन्मले होते, ते रडत नव्हते, आणि अशा वेळी काय करायचे हे दोघींच्याही हातांना ठाऊक होते.

सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, वॉसॅच डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या या उपनगरात मी सतरा वर्षे राहते. शेजारच्या घरातील हे जोडपे त्या वेळी सदुसष्ट आणि सत्तर वर्षांचे होते. त्यांची नावे मी येथे देत नाही. माझा मुलगा त्यांना आजी-आजोबा म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणते. आजोबांनी आयुष्यभर माध्यमिक शाळेत सुतारकाम आणि लोहारकाम शिकविले. दोघे दीड वर्षासाठी युगांडाला निघाले होते, त्यांच्या चर्चचे मानवतावादी मिशनरी म्हणून, आणि ती बाहुली त्या प्रवासाची तयारी होती.

त्या बाहुलीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ती आत पोकळ असते आणि तिच्यात कोमट पाणी भरतात. पाणी भरले की तिला नवजात बाळाचे वजन येते, मान खरोखरीच्या बाळासारखी लुळी पडते आणि हातात घेतल्यावर क्षणभर काळजात धस्स होते. तिच्या पोटातून निघालेल्या नळ्यांना रबरी फुगे असतात. एक दाबला की छाती वर-खाली होते, दुसरा दाबला की नाळेत ठोके लागतात. ज्याच्या हाती हे फुगे असतील तो बाळाचे सोंग घेतो, आणि समोरच्याने त्याला श्वास घ्यायला लावायचे असते. नॉर्वेतील ज्या कंपनीने ही बाहुली घडविली, तिचा संस्थापक मुळात खेळणी तयार करणारा कारागीर होता. सराव नेहमी जोडीने करायचा, असा या प्रशिक्षणाचा नियम आहे. त्या दुपारी आजोबा फुगे घेऊन खुर्चीत बसले होते. सहा मुलांचा हा बाप एकाही बाळंतपणाला खोलीच्या आत नव्हता, आणि आता तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने, पत्नीच्या हातांकडे बघत, श्वास घ्यायचा की नाही हे ठरवीत होता.

आईची पाळी आली तेव्हा तिने बाहुलीचे दोन्ही पाय एका हातात धरले, तिला उलटे केले आणि पाठीवर थापट्या मारल्या. आजींनी हलकेच तिचा हात धरला. बाळाला आडवेच ठेवायचे, कोरडे करायचे, टॉवेलने पाठीच्या कण्यावरून वर-खाली चोळायचे, तोंडा-नाकात काही अडकले असेल तर काढायचे, आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर अंबू बॅगचा, म्हणजे हाताने दाबून हवा देण्याच्या पिशवीचा, मास्क तोंडावर बसवून हवा द्यायची. आणि हे सगळे जन्मल्यापासून साठ सेकंदांच्या आत. प्रशिक्षणात त्याला सुवर्ण मिनिट म्हणतात. आजींनी हे सगळे एकही शब्द न बोलता करून दाखविले. आई बघत राहिली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आम्हाला उलटं धरायलाच शिकवलं होतं गं. रडलं तर रडलं." थोड्या वेळाने तिने बाहुली पुन्हा आपल्याकडे ओढली आणि म्हणाली, "परत दाखवायला सांग त्यांना."

जन्मलेल्या दर दहा बाळांपैकी साधारण एकाला पहिला श्वास घेण्यासाठी कोणाची तरी थोडीफार मदत लागते, आणि त्यांतील बहुतेकांना कोरडे करणे, पाठ चोळणे आणि गरज पडली तर काही क्षण हवा देणे एवढेच पुरते. मोठी यंत्रे लागणारी बाळे शंभरात एखादेच. हा हिशोब आपल्याकडे फार पूर्वी कोणी मांडला असेल तर तो गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये तो अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने आपल्या सहकारी संस्थांबरोबर बाहुलीचे हे सोपे प्रशिक्षण २०१० मध्ये जगभर नेण्यास सुरुवात केली, आणि त्याची एक मोठी परीक्षा आमच्या सांगलीपासून फार दूर नसलेल्या बेळगाव परिसरात झाली. तेथे मृत जन्मांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. टांझानियातील अभ्यासात जन्मानंतर लगेच होणारे मृत्यू ४७ टक्क्यांनी घटलेले दिसले. आई २००८ साली निवृत्त झाली. भारत सरकारने परिचारिकांना असे शिक्षण देणारा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम सुरू केला तो २००९ साली. हे एका वर्षाचे अंतर तिच्या मनाला किती लागले, हे मला त्या दुपारी प्रथम कळले.

आता या जोडप्यांविषयी. 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', ज्याला बाहेरचे लोक मॉर्मन चर्च म्हणून ओळखतात, त्याचे तरुण प्रचारक जगभर परिचयाचे आहेत: पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि बरोबर एक जोडीदार. पण मुले मार्गी लागल्यानंतर आणि नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर नवरा-बायकोने मिळून अशा सेवेवर जाण्याची रीतही या समाजात रुजलेली आहे, आणि तिची माहिती बाहेर फारशी पोहोचलेली नाही. ही जोडपी दारोदार फिरून धर्मप्रचार करीत नाहीत. कोणी कार्यालय सांभाळते, कोणी वंशावळींच्या नोंदी जतन करते, कोणी शिकविते, आणि काही जोडप्यांच्या वाट्याला मदतकार्य येते: विहिरी आणि बोअर, चाकाच्या खुर्च्या, डोळ्यांची तपासणी, लसीकरण, निर्वासितांच्या वसाहती, आणि २००३ पासून नवजात बाळांना श्वास देण्याचे प्रशिक्षण. कोठे जायला आवडेल हे सांगता येते, आरोग्य तपासणी होते, आणि शेवटी सॉल्ट लेकहून नेमणुकीचे पत्र येते. निघण्यापूर्वी प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात साधारण आठवडाभर शिकवणी असते. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतची मुदत असते, आणि खर्च स्वतःचा. घरभाड्याचा बोजा फार होऊ नये म्हणून २०११ साली त्यावर महिना १,४०० डॉलरची मर्यादा घालण्यात आली आणि वरचा खर्च चर्चने उचलायचे ठरले. बाकी जेवणखाण ज्याचे त्याने बघायचे. आमच्या शेजाऱ्यांनी त्यासाठी आजोबांचा जुना पिकअप ट्रक विकला, धाकट्या मुलाला घरात राहायला बोलावले, आणि कुंड्या, टपाल व टोमॅटोचा वाफा माझ्या हवाली केला.

मदतीच्या साहित्यासाठी लागणारा पैसा मात्र चर्चच्या निधीतून येतो, आणि त्या निधीची सुरुवात कशी झाली ही गोष्ट मला नेहमी आपल्या ओळखीची वाटते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लोक दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेल्या पैशांत भर घालून तो गरजूंसाठी देतात. १९८५ च्या जानेवारीत, इथिओपियात दुष्काळाने माणसे मरत असताना, अमेरिका आणि कॅनडातील सदस्यांनी एक विशेष उपवास केला आणि एका दिवसात ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. परदेशातील बिगरसदस्यांसाठी आज जे मोठे मदतकार्य चालते, त्याची सुरुवात बहुतेक जण तेथून धरतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन वाढलेल्या माझ्यासारखीला उपवासाचा हा हिशोब, म्हणजे न खाल्लेले अन्न दुसऱ्याच्या ताटात पोहोचलेच पाहिजे हा आग्रह, फार मोलाचा वाटला.

'मिशनरी' हा शब्द मराठी कानाला सरळ ऐकू येत नाही, हे मला मान्य आहे. मी जेव्हा फोनवर भावाला सांगितले की शेजारचे आजी-आजोबा मिशनरी होऊन आफ्रिकेत चालले आहेत, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो धर्मांतराचाच. आईने मात्र तो प्रश्न विचारला नाही. तिचे परिचारिकेचे शिक्षण मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालेले. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांतील सांगली-कोल्हापूरच्या मुली तेथे शिकून बाहेर पडल्या. त्याही आधी, १८२७ मध्ये मुंबईत उतरलेल्या सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालविल्या, आणि त्या पाहून आलेल्या जोतीराव फुल्यांनी पुण्यात काय केले हे मी सांगायला नको. त्या मंडळींच्या मनात धर्मप्रसार होता, त्यांनी तो लपविला नाही, आणि त्यावर आपल्याकडे वाद झाले ते योग्यच झाले. परंतु वाद घालून झाल्यावर शाळा आणि दवाखाना उरतो, त्याचीही नोंद घेतली पाहिजे, असे मला वाटते. आजींना मी हा प्रश्न सरळ विचारला होता. त्या म्हणाल्या की प्रसूतिकक्षात कोणाच्या श्रद्धेची चौकशी करायची नाही आणि आपलीही सांगत बसायचे नाही, अशी त्यांना स्पष्ट सूचना आहे. आणि ती नसती तरी बाळ निळे पडत असताना कोणाला ते सुचले नसते.

२०२२ च्या फेब्रुवारीत ते गेले. दर सोमवारी आजींची ईमेल यायची, आणि आईचा व्हिसा संपून ती सांगलीला परतल्यानंतरही मी तिला फोनवर ती मराठीत वाचून दाखवीत असे.

पहिले चार महिने निराशेचे होते. आजींना वाटले होते की उतरताक्षणी बाळे आणि बाळंतिणी यांच्यात काम सुरू होईल. प्रत्यक्षात दिवस जायचे ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या दाराबाहेरील बाकावर, पावत्या लावण्यात, आणि डाव्या बाजूने गाडी चालविण्याची सवय करण्यात. मुक्काम उत्तरेकडील लिरा शहरात होता. परिचारिका आणि सुइणी इंग्रजी बोलायच्या, पण बाळंतिणी बोलायच्या लँगो भाषेत, आणि वेदनेत असलेल्या बाईशी दुभाष्यामार्फत बोलता येत नाही. तेथील आरोग्य केंद्रांना श्रेणी असतात, आणि तिसऱ्या श्रेणीच्या केंद्रापासून पुढे प्रसूतीची सोय असते. अशाच एका केंद्रात आजींना रात्रीच्या प्रसूतीला हजर राहण्याची परवानगी मिळाली. वीज गेलेली होती. ड्यूटीवर एकटीच सुईण होती, तिने मोबाइलची विजेरी लावून फोन दातांत धरला होता आणि दोन्ही हातांनी ती बाळ घेत होती. आजींनी लिहिले होते: "तीस वर्षांत मी जे शिकले, त्यातले या मुलीला काय शिकवायचे, हे मला त्या रात्री समजेना. मी फक्त फोन हातात धरला."

माझ्या मते त्यांची खरी सेवा त्या रात्रीपासून सुरू झाली. त्याच केंद्राच्या भांडारात त्यांना दोन इन्क्युबेटर सापडले होते, कोणत्या तरी परदेशी दात्याने पाठविलेले, अमेरिकेच्या ११० व्होल्टवर चालणारे, आणि युगांडाच्या भिंतीतून येतात २४० व्होल्ट. खोके अर्धवट उघडलेले, आत पालींची अंडी. आजोबांनी त्यांचे फोटो काढून ठेवले आणि पुढे जेव्हा जेव्हा एखाद्या दात्याकडून मोठे यंत्र पाठविण्याचा प्रस्ताव येई, तेव्हा ते ते फोटो उत्तरासोबत जोडीत. मला हे काम, म्हणजे न लागणारी मदत नम्रपणे नाकारण्याचे काम, फार महत्त्वाचे वाटते, आणि ते करायला पिकलेले केसच लागतात. तिशीतला नोकरदार अधिकारी वरिष्ठांना नको म्हणताना दहा वेळा विचार करील. ज्याला पुढे बढती नाही, पगार नाही, अहवालात आकडे फुगवून दाखविण्याची गरज नाही, त्याच्या तोंडून 'नको' सहज निघते.

प्रशिक्षण सुरू झाले ते जिल्ह्याच्या डॉक्टरांनी आणि ज्येष्ठ सुइणींनी चालविलेले. आजी मागच्या रांगेत बसायच्या, एकेका जोडीजवळ जाऊन मास्क हनुवटीवर नीट बसला आहे की नाही एवढे बघायच्या. मास्कच्या कडेतून हवा निसटली तर छाती हलत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपण तर पिशवी दाबतो आहोत. ही एवढीशी गोष्ट दुरुस्त करण्यात त्यांचे निम्मे दिवस गेले. दोन दिवसांच्या वर्गाच्या शेवटी सगळ्या जणी उत्तम करून दाखवीत. मग तीन महिन्यांनी केंद्रांना भेट दिली, तर हात अडखळू लागलेले. हे सगळ्या जगात होते. अशी कौशल्ये वापरात नसली की काही महिन्यांत उतरणीला लागतात, म्हणून आठवड्यातून थोडा थोडा सराव करीत राहावे, असे या विषयातील जाणकार सांगतात. त्यासाठी तर प्रत्येक केंद्राला एक बाहुली दिलेली होती. आजींनी विचारले, बाहुली कुठे आहे? कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली प्रमुखांकडे. प्रमुख तालुक्याला गेलेले. बाहुली तिच्या मूळ पिशवीत, घडी न मोडलेली.

ही ईमेल मी आईला वाचून दाखविली तेव्हा ती फोनवर एकदम उत्साहाने बोलू लागली. "डेड स्टॉक!" ती म्हणाली. "अगं, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद असणार तिची. हरवली, फाटली तर भरून कोण देणार? म्हणून कोणी बाहेर काढत नाही. आमच्याकडे बीपीचं नवं मशीन चार वर्षं कपाटात होतं. मी रिटायर झाले तेव्हा चार्जमध्ये नवं कोरं देऊन आले." सरकारी दवाखान्यात ज्याने एकदाही चार्ज दिला-घेतला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तीस वर्षांच्या अनुभवी अमेरिकन परिचारिकेला मात्र ते समजत नव्हते, कारण तिच्या रुग्णालयात वस्तू मोडली की दुसरी येत असे. तिला वाटत होते की सुइणींना सरावात रस नाही. मी आईचे म्हणणे इंग्रजीत लिहून पाठविले. आईने शेवटी एक वाक्य मुद्दाम घालायला लावले: बाहुली फाटली तर कोणाच्या पगारातून कापणार नाही, असे साहेबाच्या सहीने लिहून घ्या आणि तो कागद भिंतीवर लावा.

आजी तो कागद घेऊन त्याच बाकावर पुन्हा बसल्या. सही व्हायला पाच आठवडे लागले. त्यानंतर प्रशिक्षण झालेल्या चौदा केंद्रांपैकी नऊ केंद्रांत बाहुली प्रसूतीच्या टेबलाशेजारच्या फळीवर आली. पाच ठिकाणी ती कपाटातच राहिली, आणि हे आजींनी आपल्या अहवालात जसेच्या तसे लिहिले.

आजोबांच्या वाट्याला पाणी होते. बोअर खणून देणे तुलनेने सोपे असते. त्यांचे काम होते आधी बसविलेले हातपंप चालू आहेत का हे बघण्याचे आणि नसतील तर गावच्या पाणी समितीबरोबर बसून का नाहीत हे समजून घेण्याचे. त्यांनी पहिला फोटो पाठविला आणि मी स्वयंपाकघरातून ओरडलेच, कारण तो आमचा हापसा होता. तीच चौकोनी पेटी, तीच लांब लोखंडी दांडी, तेच तीन पाय सिमेंटच्या ओट्यात रुतलेले. युगांडात त्याला यू-टू म्हणतात, आणि तो 'इंडिया मार्क टू' या पंपाचाच अवतार आहे. १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने तो भारतात घडला, आणि घडविणाऱ्यांनी जे आधीचे नमुने समोर ठेवले त्यांची नावे होती सोलापूर पंप आणि जालना पंप. जालन्यात मिशनच्या माणसांनी दुष्काळी गावांसाठी बोअर घेताना, ओतीव लोखंडाचे जुने पंप टिकत नाहीत हे पाहून पोलादी, एका दांड्याचा पंप बनविला होता. सोलापूरच्या कारखान्यात त्याला अधिक टिकाऊ रूप आले. म्हणजे मराठवाड्यातल्या एका मिशनच्या कार्यशाळेत सुरू झालेली गोष्ट फिरून फिरून युगांडात एका दुसऱ्याच मिशनच्या म्हाताऱ्या सुतारमास्तरांच्या हाती आली होती. मी त्यांना हे लिहिले तेव्हा त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: "मग जालन्याच्या लोकांना विचार, पाइप न काढता वॉशर कसा बदलायचा."

त्याचे उत्तर असे की त्या पंपात तो बदलता येत नाही. वॉशर झिजला की खालपर्यंतचे सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्यासाठी चार-सहा माणसे आणि योग्य हत्यारे लागतात, आणि याच त्रासातून पुढे 'मार्क थ्री' आला. आजोबांनी पाहिलेल्या बंद पंपांत बहुतेक ठिकाणी दोष किरकोळ होता आणि पैसेही फार लागणार नव्हते. अडत होते ते समितीत कोणी वर्गणी गोळा करीत नव्हते, कारण मागच्या वेळची वर्गणी कोठे गेली हे कोणाला माहीत नव्हते. त्यांनी एका शाळेच्या फळ्यावर जमा आणि खर्च लिहायला लावला. शाळामास्तराला आणखी काय सुचणार! पण ज्या तीन गावांत फळा टिकला, तेथे पंपही टिकला, असे त्यांनी लिहिले आहे, आणि ज्या गावात शाळेची भिंत पावसात पडली तेथे दोन्ही गेले.

या सगळ्याकडे बघताना मला काही गोष्टी खटकल्या, त्याही लिहिल्या पाहिजेत. दीड वर्ष फार अपुरे आहे. माणूस जिल्ह्याला ओळखू लागतो तोच त्याची परतीची तिकिटे निघतात, आणि मागून येणारे जोडपे पुन्हा पहिल्या बाकावर बसते. मागून येणाऱ्यांच्या हाती काम सोपविण्याची व्यवस्था आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत तीन दिवसांची होती. दुसरे म्हणजे पैसा. चर्चने २०२३ या वर्षात मदतकार्यावर १३६ कोटी डॉलर खर्च केल्याचे जाहीर केले, ही रक्कम लहान नाही. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने गुंतवणुकीची माहिती योग्य रीतीने उघड न केल्याबद्दल चर्च आणि त्याची गुंतवणूक सांभाळणारी संस्था यांना मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला, आणि त्या वेळी या गुंतवणुकीच्या आकाराची चर्चा आमच्या गल्लीतही झाली. इतकी संपत्ती असताना निवृत्त शिक्षकाने ट्रक विकून का जावे, हा प्रश्न मी आजोबांना विचारला. ते रागावले नाहीत. त्यांच्यापुरते उत्तर त्यांनी दिले: दुसऱ्याने तिकीट काढून दिले असते तर आपण पाहुणे झालो असतो. मला ते उत्तर पूर्ण पटलेले नाही, परंतु त्यांनी ते मनापासून दिले होते.

आणि घर. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या धाकट्या मुलीला पहिले मूल झाले. ज्या बाईने हजारो बाळंतपणे केली, ती आपल्या मुलीच्या बाळंतपणाला नव्हती. तिने नातवाला व्हिडिओ कॉलवर पाहिले, केंद्राच्या अंगणात, नेटवर्क मिळावे म्हणून गाडीच्या बॉनेटवर बसून. मी त्या मुलीला डिंकाचे लाडू नेऊन दिले तेव्हा ती म्हणाली की आईचा अभिमान वाटतो आणि रागही येतो. माझी आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती ती माझा मुलगा सांभाळायला. आमच्या ओळखीतील बहुतेक आई-वडील त्यासाठीच विमानात बसतात, आणि त्यात काही गैर नाही. तरीही त्या डिसेंबरमध्ये बाहुलीवर वाकलेली आई मी पाहिली होती. निवृत्तीनंतर तेरा वर्षांत तिच्या हातांना कोणी काही विचारले नव्हते. आपल्याकडे निवृत्त परिचारिका, शिक्षक, पंप दुरुस्त करणारे मिस्त्री यांची वाण नाही, आणि जत तालुक्यापासून नंदुरबारपर्यंत फळीवर न आलेल्या वस्तूंचीही नसावी. दोघांनी मिळून जावे, एकाने फुगे दाबावेत आणि दुसऱ्याने पाठ चोळावी, ही कल्पना आपल्या वानप्रस्थाच्या कल्पनेपेक्षा मला जास्त आवडते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ते परत आले. आजोबांचे वजन नऊ किलो उतरले होते, एकदा मलेरिया होऊन गेला होता. टोमॅटोचा वाफा मी नीट सांभाळला नव्हता, याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी आजींना त्या फोन दातांत धरणाऱ्या सुइणीचा निरोप आला. सोबत एक फोटो होता. आजींनी तो माझ्याकडे पाठविला आणि सांगितले, तुझ्या आईला दाखव. मी तो सांगलीला पाठविला आणि व्हिडिओ कॉल लावला. आईने चष्मा लावून फोन नाकाजवळ धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. फोटोत बाहुली प्रसूतीच्या टेबलाशेजारी फळीवर होती. तिचा रंग उडाला होता, एक फुगा गेलेला होता, आणि कमरेपाशी सायकलच्या ट्यूबचा काळा तुकडा चिकटवून पंक्चर काढलेले होते.

"फाटली बघ," आई म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला होता. "फाटली."